एक दिवसाआड येणारा चोर

“अनसूयाबाई, चूक दिसली की तिच्याभोवती पेन्सिलीनं गोल करायचा. शाईनं नाही. आणि ती कुणी केली ते समासात लिहायचं नाही.”

चिंतामणरावांचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. बारामतीतलं आमचं मुद्रणालय त्यांनी उभारलं, आणि मी मुद्रितं तपासायला लागले त्या पहिल्या दिवशी पेन्सिल हातात देऊन त्यांनी एवढंच सांगितलं. पुढं ते गेले. प्रेस त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या दादासोंकडे आली. शिशाच्या खिळ्यांच्या पेट्या मागच्या खोलीत गेल्या आणि पुढच्या खोलीत, काचेच्या दाराआड, संगणक आला. पेन्सिल तेवढी तीच राहिली.

पंच्याण्णव सालच्या मार्गशीर्षात मात्र त्या पेन्सिलीची परीक्षा झाली.

१

बुधवारी सकाळी दादासोंच्या ओरडण्यानं मी हातातलं पान खाली ठेवलं.

“चोरी! सरळ सरळ चोरी हाय ही!”

संगणकापुढं अक्षरजुळणी करणारी आमची दीप्ती बसली होती. पाठीमागं दादासो उभे. पडद्यावर, यंत्र सुरू होताना क्षणभर दिसून जातो तो वेगाचा आकडा त्यांनी बोटानं दाखवला.

“काय लिवलंय? तेहतीस! आन् नव्याचा आकडा किती?”

“सहासष्ट,” दीप्ती पुटपुटली.

“आन् जुन्याचा?”

“तेहतीस.”

दोन आठवड्यांपूर्वी, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी, संगणक दुरुस्त करणाऱ्या मोहितनं या यंत्रातला जुना प्रोसेसर काढून दुप्पट वेगाचा नवा बसवला होता. प्रोसेसर म्हणजे यंत्राचा मेंदू, असं त्यानं पुस्तकं शिवणाऱ्या सिंधुबाईला समजावलं होतं. जुना तो बदल्यात घेऊन गेला. सगळं कशासाठी, तर इंदापूरच्या एका शाळेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका वेळेत व्हावी म्हणून. झालं उलटंच. यंत्र पहिल्यापेक्षा संथ झालं. एक पान उघडायला लागलं की दीप्ती चहा पिऊन यायची, तरी निम्मंच पान आलेलं असायचं.

दोनदा मोहितला बोलावलं. दोन्ही वेळा तो दुसऱ्या दिवशी आला आणि त्याच्यासमोर यंत्र हरणासारखं पळालं. तो गेला, की पुन्हा आपलं बसलं.

“दुरुस्तीच्या नावानं आला, नवा काढला, जुना घालून गेला,” दादासो म्हणाले. “बोलवा त्याला.”

मोहित आला. पंचविशीचा, सडपातळ, खिशाला पेचकस लावलेला. इंदापूर रोडला त्याचं छोटं दुकान होतं. दादासोंनी त्याला काचेच्या दाराच्या आत पाऊल टाकू दिलं नाही.

“हात लावायचा न्हाय मशिनीला. तितनंच बोल.”

“दादासो, मी अजून एकदाही ते हळू चालताना पाहिलेलं नाही. आज तसं चालतंय ना? मग पाच मिनिटं द्या.”

“पाच मिनिटात परत बदलशील!”

“आत नवाच आहे,” मोहित म्हणाला. “वर पंखा चिकटवलाय म्हणून नाव दिसत नाही. तो उपटला तर प्रोसेसर फुटेल, नाहीतर आत्ता दाखवलं असतं.”

“सोयीचं हाय की रं तुज्या!” दादासो कोनाड्याकडे गेले. बिरोबाच्या तसबिरीपुढची भंडाऱ्याची वाटी त्यांनी उचलली आणि पिवळी चिमूट कपाळाला लावली. “ह्या भंडाऱ्याची आण. आत नवा निघाला, तर ह्या दादासोच्या पायात वहाण दिसायची न्हाय. भर बाजारातनं अनवानी चालत येईन तुज्या दुकानी. आन् न्हाय निघाला, तर परवा शुक्रवारी मी पानं दाखवाया इंदापूरला चाललोय. हेडमास्तरांच्या कानावर घालतो, कसला माणूस त्येंच्या साळंत संगणक बसवणार हाय ते.”

शाळेतली संगणकाची खोली मोहितला मिळाली होती. त्याचं पहिलं मोठं काम. आणि बारामती काय, इंदापूर काय, एकदा चोर म्हटलं की पुन्हा कोण त्याच्या हाती यंत्र सोपवणार?

तो पायरी उतरला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, “काकू, तुम्हालाही तसंच वाटतं?”

मी काहीच बोलले नव्हते. तेच त्याला लागलं असावं.

२

दुपारी देवळात निघाले तशी आधी त्याच्या दुकानाशी थांबले. तो संगणकाच्या रिकाम्या डब्यापुढं नुसता बसून होता.

“मोहित, त्या दिवशी प्रोसेसर बदलला, त्याखेरीज आणखी काय केलंस?”

“काही नाही हो काकू. धूळ झाडली. दोन-तीन वायरी सुटून लोंबत होत्या, त्या जागच्या जागी बसवल्या. माझ्या आधी ज्यानं कुणी उघडलं त्यानं तशाच सोडल्या होत्या. मला नाही आवडत असं काम.” मग मान खाली घालून म्हणाला, “नीट काम केलं आणि चोर ठरलो.”

परत आल्यावर मी दीप्तीपाशी स्टूल ओढून बसले. ती रडवेली झाली होती.

“काकू, माझ्या हातून तर काही बिघडलं नसेल ना? मी शिकले तशीच चालवते. हे मोठं बटण सुरू करायचं. हे बारकं दाबलं की सगळं काम पुसून यंत्र पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून त्याला मी कुणाला बोटसुद्धा लावू देत नाही.”

“आणि हे चौकोनी?”

“ते मेलेलं आहे. दोन वर्षांत त्यानं काही केलेलं मी पाहिलं नाही. त्यावरची अक्षरंही पुसलीत.”

चौकोनी बटण यंत्राच्या बरोबर मध्यावर, कपाळासारखं. त्यावर आणि शेजारच्या बारक्या दिव्यावर भंडाऱ्याचा पिवळा थर. दादासोंच्या प्रेसमध्ये कटाई यंत्रालाही भंडारा लागतो. माझी नजर त्यावरून सरकली आणि पुढं गेली. सवयीची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मुद्रितातली सगळ्यांत मोठी चूक मथळ्यातच राहून जाते, ती अशीच.

“रोज हळू चालतं का गं?”

“नाही ना! कधी पळतं, कधी बसतं.” मग ती माझ्या कानाशी आली. “काकू, एक सांगू? रविवारी मी डबा धुवून आले, तर मानसिंगतात्या यंत्रापाशी वाकून काहीतरी करत होते. मला बघून एकदम मागं झाले. हातातला कागद खिशात घातला.”

३

मानसिंगतात्या म्हणजे आमचे खिळे जुळवणारे. चाळीस वर्षं त्यांनी शिशाची उलटी अक्षरं सुलट्याहून वेगानं वाचली. आता मागच्या खोलीत पायानं चालवायच्या यंत्रावर किरकोळ छपाई करायचे आणि काचेच्या दाराकडे बघून रोज एखादा टोमणा मारायचे.

“काय बाई, आज हिकडं कुटं? पुढच्या खोलीतली बया आजारी हाय म्हनं.”

“तात्या, तुम्हाला काय वाटतं?”

“लायटीचा खेळ हाय. दाब कमी पडला की बसती.” त्यांनी तंबाखू मळली. “आमच्या खिळ्यांला कंदी लाईट लागली?”

“रविवारी तुम्ही तिच्यापाशी काय करत होता?”

हात थांबला. मला वाटलं, आता हे उठून जाणार. पण त्यांनी दाराकडे पाहिलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या होत्या आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर. क इथं, म तिथं. संगणकाच्या कळांचा नकाशा.

“दीप्ती जेवाया गेली की उतरून घेतो. रोज एक ओळ,” ते हळूच म्हणाले. “मशिनीला न्हाय शिवलो. भंडाऱ्याची आण घ्या. तिनं लवकर बरं व्हावं असं माज्याइतकं कुनाला वाटत न्हाय. पर त्या दाद्याला सांगू नगा. हासंल.”

मी कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली.

म्हणजे संशयितांपैकी एक कमी झाला. आणि शुक्रवार दीड दिवसावर आला होता.

४

गुरुवारी प्रेस बंद. मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. घट मांडायचा होता, पण त्याआधी मी गेल्या दोन आठवड्यांची मुद्रितं जमिनीवर ओळीनं लावली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मी तारीख, वार आणि त्या दिवशीचा उपास लिहिते. जुनी सवय.

कुठल्या दिवशी किती पानं आली ते मोजलं.

शुक्रवारी सहा. शनिवारी बावीस. रविवारी सात. सोमवारी एकवीस. मंगळवारी सहा. बुधवारी तेवीस. मधला गुरुवार बंद. पुन्हा शुक्रवारी सहा, शनिवारी बावीस.

एक दिवस बसतं, एक दिवस पळतं. घड्याळाच्या लंबकासारखं. मोहितला शुक्रवारी बोलावलं तेव्हा तो शनिवारी आला, रविवारी बोलावलं तेव्हा सोमवारी. त्याच्या वाट्याला पळायचेच दिवस आले.

मला हसू आलं. नवा प्रोसेसर चोरायचा, दुसऱ्या दिवशी परत आणून बसवायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा चोरायचा. असा चोर कुणी पाहिलाय?

मग कोण? तात्या म्हणतात ती लाईट? तिला काय ठाऊक गुरुवारी प्रेस बंद असते? पण या लंबकाला ठाऊक होतं. बंद गुरुवार तो मोजतच नव्हता. म्हणजे ही माणसाच्या हातची गोष्ट. प्रेस उघडी असेल त्या दिवशी एकदा, एकदाच घडणारी.

तेवढ्यात ओळ तुटली. दुसऱ्या रविवारी सात पानं, आणि सोमवारीही सातच. लागोपाठ दोन दिवस संथ. तिथून पुढं सगळं उलटं झालं होतं. मंगळवारी पळालं, बुधवारी बसलं.

त्या सोमवारी काय राहून गेलं?

पानाच्या कोपऱ्यात माझंच अक्षर होतं: ‘सोमवार. उपास. डोकं दुखलं.’

डोकं का दुखलं? दिवसभर पाण्यावर होते म्हणून. आणि पाण्यावर का? कारण त्या दिवशी केळं आलं नव्हतं. दर सोमवारी न चुकता माझ्या टेबलावर एक केळं येतं, पदरानं पुसलेलं.

मी तशीच उठले, देवापुढं बसले. मनात विचार घोळत होता आणि हात आपला सवयीनं घटाला हळदीकुंकवाची बोटं ओढत होता. अंगठा तांब्यावर टेकला, दाबला, उचलला. तांब्यावर पिवळा ठिपका राहिला.

हात तिथंच थांबला. यंत्राचं कपाळ डोळ्यांपुढं आलं.

देवा, म्हटलं, ती असू नये.

५

शुक्रवारी साडेआठला मी प्रेसमध्ये पोचले. येताना मोहितला नऊ वाजता ये म्हणून निरोप ठेवला.

सिंधुबाई झाडून घेत होती. वरकुट्याहून पहिल्या एस.टी.नं येते, सगळ्यांच्या आधी कुलूप काढते, नंतर दिवसभर पुस्तकं शिवते. तिच्या हातची शिवण वीस वर्षांतही सुटत नाही.

“बाई? आज लवकर? बसा, च्या टाकते.”

“तुझं चालू दे.”

तिनं हात धुतले. कोनाड्यातली भंडाऱ्याची वाटी घेतली. कटाई यंत्राला लावला, पायाच्या यंत्राला लावला. मग काचेचं दार उघडून आत गेली, संगणकापुढं डोळे मिटले आणि अंगठा त्या चौकोनी बटणावर टेकवला.

टक्.

“सिंधुबाई, तिथंच का गं लावतेस?”

ती लाजून हसली. “दीप्तीनंच दावलं की. बाकीच्या बटनांला हात लावायचा न्हाय म्हनली. हितं लावा, हे मेलेलं हाय म्हनली. पर मला न्हाय वाटत मेलेलं. अंगठा टेकला की जरा आत घेतं, टक् करतं. देवानं घेतलं म्हनायचं.”

“गेल्या सोमवारी तू नव्हतीस.”

“भाचीची सुपारी फुटली न्हवं, कळसला! तुमाला केळं न्हाय मिळालं, व्हय? चुकलंच माजं...” ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचा हात आपोआप छातीशी गेला. “बाई. माज्यानं काय झालं का मशिनीला?”

मी तिला समजेल तसं सांगितलं. तिला सगळं कळलं. नको तेही कळलं.

“म्हंजी त्या पोराला चोर म्हनले ते माज्या अंगठ्यापायी?” ती खालीच बसली. “मालक काडून टाकतील मला.”

“तुझं नाव माझ्या तोंडून येणार नाही.”

बाहेर दादासोंच्या स्कूटरचा आवाज आला.

६

दादासो पानं पिशवीत भरत होते. दहाची इंदापूर गाडी गाठायची होती. दीप्ती, तात्या आले होते. मोहित दाराशी उभा होता, आत यावं की नाही अशा बेतात.

“दादासो,” मी म्हणाले, “यंत्र अजून सुरू केलेलं नाही. पण आज ते पळणार आहे. आकडा सहासष्ट येईल.”

“तुमाला कसं ठावं?”

“दीप्ती, सुरू कर.”

पडदा उजळला. सहासष्ट.

“आता बंद कर.” मी पुढं झाले आणि चौकोनी बटण दाबलं. टक्. “पुन्हा सुरू कर.”

तेहतीस.

मी पुन्हा दाबलं, दीप्तीनं पुन्हा सुरू केलं. सहासष्ट. दादासोंनी पिशवी खाली ठेवली.

मोहितनं कपाळावर हात मारला. “टर्बो! अहो, हे वेगाचं बटण. आत असलं की पूर्ण वेग, बाहेर असलं की आकडा निम्मा आणि प्रोसेसरजवळची स्मृतीही बंद, म्हणून जुन्याहूनही संथ. जुने प्रोग्राम फार वेगानं पळू नयेत म्हणून ठेवलेलं असतं. त्याची वायरच सुटलेली होती म्हणून ते दोन वर्षं मेलेलं होतं. आणि...” त्याचा आवाज खाली आला. “आणि ती वायर मीच बसवली.”

“दिवा असतो ना त्याला?” दीप्तीनं विचारलं.

“हा काय,” मी म्हणाले, आणि नखानं भंडाऱ्याचा थर खरवडला. खाली बारका पिवळा दिवा जळत होता. पिवळ्यावर पिवळा.

“म्हंजी आत नवाच हाय,” दादासो सावकाश म्हणाले. मग आवाज चढला. “पर रोज सकाळी हे दाबत कोन व्हतं?”

“चूक सापडली, दादासो. मी पेन्सिलीनं गोल केलाय. समासात काही लिहायचं नाही, चिंतामणरावांनी तुम्हालाही शिकवलं होतं.”

ते माझ्याकडे रोखून बघत राहिले. सिंधुबाईनं अंगठा पदरात गुंडाळला होता. क्षणभर वाटलं, निभावलं. पण तिचीच मान वर आली.

“मी दाबत व्हते, मालक. भंडारा लावताना. त्या लेकराला बोल नगा लावू. मला काय ते बोला.”

दादासोंनी श्वास घेतला. मी डोळे मिटून घेतले.

“आन् तुला कुनी सांगितलं व्हतं मशिनीला भंडारा लावाया?”

सिंधुबाई गोंधळली. “तुमीच की वो. मशीन आली त्या दिशी म्हनला न्हाय का, सिंधुबाई, रोज हिला भंडारा लावल्याबिगर हितं कुनी बसायचं न्हाय?”

मागून तात्यांना ठसका लागला. तो तंबाखूचा नव्हता.

दादासोंच्या कपाळावर आजही भंडारा होता. हात तिथवर गेला आणि खाली आला. सांगितलं त्यांनी, जागा दाखवली दीप्तीनं, वायर बसवली मोहितनं, अंगठा टेकवला सिंधुबाईनं. प्रत्येकानं आपापलं काम नीटच केलं होतं.

“मग आता हिला भंडारा लावायचा कुटं?” सिंधुबाईनं विचारलं. तिला खरी काळजी तीच होती.

“वर लावा, मावशी,” मोहित म्हणाला. “टपावर. तिथं कुठलीच वायर येत नाही.” बुधवारनंतर तो पहिल्यांदाच हसला. मग दादासोंकडे न बघता म्हणाला, “येतो मी. दुकान उघडायचंय.”

“बरं,” दादासो म्हणाले. एवढंच.

कुणीही आणेची आठवण काढली नाही. तात्या मागच्या खोलीत गेले. दीप्तीनं स्मरणिकेचं पान उघडलं आणि ते एका दमात आलं. सिंधुबाईनं माझ्या टेबलावर केळं ठेवलं.

“आज शुक्रवार आहे गं. उपास नाही माझा.”

“सोमवारचं ऱ्हायलेलं,” ती म्हणाली.

मी चौदावं पान तपासायला घेतलं. दोन ओळींत तीन चुका होत्या, तिन्ही गोल केल्या. थोड्या वेळानं लक्षात आलं की पुढच्या खोलीतून दादासोंचा आवाज येत नाही. इंदापूरची पिशवी टेबलावर तशीच होती. दहाची गाडी तर मघाशीच गेली असणार.

पाणी प्यायला म्हणून मी दाराशी आले. स्कूटर सावलीत उभी होती, किल्ली तिलाच लटकत होती. पायरीवर दादासोंच्या कोल्हापुरी वहाणा, एकीशेजारी एक, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा.

रस्त्याच्या डागडुजीसाठी चौकापर्यंत नवी खडी पसरली होती. तिच्या कडेकडेनं, धोतराचा सोगा हातात धरून, दादासो इंदापूर रोडच्या दिशेनं निघाले होते. जपून, एकेक पाऊल बघत. भाजीवाल्यानं हाक मारली, “दादासो, पायात काय न्हाय व्हय?” त्यांनी नुसता हात वर केला आणि चालत राहिले.